खंडेनवमीचे पूजन आणि आमचे ऑइल इंजिन

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. ज्याचे ज्याचे जे आयुध असेल त्याचे त्याने या दिवशी पूजन करावे, असा आपल्याकडचा परिपाठ आहे. सैनिकाची शस्त्रे, सुताराची करवत, गवंड्याचा ओळंबा, शिंप्याची कातरी, तशीच शेतकऱ्याची औते. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात आता औतांबरोबर ट्रॅक्टर, पिकअप, दुचाकी आणि पाण्याची मोटर यांचीही पूजा होते. या दिवशी नारायणगाव, आळेफाटा किंवा मंचरच्या बाजारातून फेरी मारावी. गॅरेजच्या दारात पान्हे आणि जॅक पाटावर मांडलेले दिसतात, झेंडूच्या माळांनी गाड्यांची तोंडे झाकून गेलेली असतात, आणि नारळ फुटल्याचे आवाज दुपारपर्यंत चालू राहतात. पाहून मनाला समाधान वाटते. प्रस्तुत लेखक मात्र यंदा त्या माळांकडे थोड्या अपराधी नजरेने पाहणार आहे. त्याचे कारण वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ओझरच्या विघ्नहराच्या छायेत, कुकडीच्या काठी आमची थोडी शेतजमीन आहे. आमच्या वडिलांनी १९६८ साली तेथील विहिरीवर किर्लोस्करांचे ऑइल इंजिन बसविले. पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे. खडकीचा तो कारखाना १९४६ साली स्थापन झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवरची मोट या इंजिनांनी सोडविली. नारायणगावाहून बैलगाडीत घालून ते आणले, त्या दिवशी मी आठ वर्षांचा होतो. पहिले पाणी पाटात आले तेव्हा आईने हळदकुंकू वाहिले. तो ‘धडधड’ असा आवाज आमच्या घरातल्या पहाटेच्या भूपाळीइतकाच ओळखीचा झाला होता.

पुढे विहिरीवर वीज आली. इंजिन गोठ्यामागच्या छपरात गेले. वडील वारल्यावर ते माझ्या वाट्याला आले असे म्हणावयाचे. परंतु मी त्याच्यासाठी काय केले? दर खंडेनवमीला त्याला पंचा भिजवून पुसले, कुंकवाचे पाच टिळे लावले, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. निदान वीस वर्षे हा क्रम अखंड चालला. त्या वीस वर्षांत त्याचे तेल एकदाही बदलले नाही, हँडल एकदाही फिरवून पाहिले नाही.

हे उघडकीस आले ते गेल्या मार्गशीर्षात. शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी आमच्याकडे वर्षानुवर्षे कधी दिवसा तर कधी रात्री येत आली आहे. रात्रीची पाळी आली की कांद्याला पाणी देण्यासाठी रात्रीच जावे लागते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने आमच्या तालुक्यात ऊस वाढला, आणि उसाच्या आडोशाने बिबट्या शेतात वस्तीला आला. माद्या उसातच पिले देतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभे राहिले, यावरून वाचकांनी काय ते समजावे. त्या रात्री माझे धाकटे बंधू बारे देत असताना वीस-पंचवीस पावलांवर बांधावर बिबट्या बसलेला त्यांच्या विजेरीच्या झोतात आला. तो हलला नाही, हेही हलले नाहीत. काही वेळाने तो उसात गेला. बंधू घरी आले ते खोरे तेथेच टाकून. पहाटे मला एवढेच म्हणाले, “दादा, मी रात्री पुन्हा जाणार नाही. आबांचे इंजिन चालू करू, दिवसा पाणी देऊ.”

आम्ही छपरात गेलो. हँडल लावले. ते तसूभरही फिरेना. मिस्त्रीला बोलाविले, त्याने चाकाला दोन हिसके देऊन पाहिले आणि भंगारवाल्याचा भाव सांगितला. बंधू माझ्याकडे पाहत राहिले. इंजिनावर दसऱ्याची माळ वाळून तशीच लोंबत होती.

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला आमचा नातू त्या शनिवारी घरी आला होता. तो म्हणाला, “आबा, भंगारात द्यायची घाई करू नका. चार शनिवार-रविवार मला द्या.” मी होकार दिला, आणि त्याच्या हाताखाली काम करू लागलो. यंत्राची मला अगदीच ओळख नव्हती असे नाही. आकुर्डीला १९७२ पासून तयार होऊ लागलेली चेतक स्कूटर मी पुष्कळ वर्षे वापरली. कीर्तनाला जाताना माळशेज घाटात पावसात ती बंद पडली की प्लग काढून, पुसून, काजळी खरवडून पुन्हा बसविणे मला येत असे. म्हणजे अज्ञानाची सबबही मला नाही.

पहिल्याच दिवशी नातवाने मला उपरणे काढून ठेवावयास सांगितले. फिरत्या चाकात ते गुंतले तर माणसाला ओढून नेते. तुळशीची माळ काढणे शक्य नव्हते, ती सदऱ्याच्या आत घेऊन वरून गुंडी लावली. मग धुलाई सुरू झाली. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून डिझेल आणि ब्रश. हवेच्या फिल्टरच्या जाळीत काय निघाले असेल? झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि माळेचा दोरा; ज्या वाटेने यंत्राने श्वास घ्यावयाचा तीच वाट माझ्या पूजेने बुजविली होती. टाकीच्या तळाशी डिझेलचा डांबरासारखा गाळ आणि त्याखाली पाणी. खालच्या चेंबरमधले तेल काळे, मध्येच दुधट झालेले. तेलात पाणी मिसळल्याची ती खूण. हे पाणी आले कोठून? सायलेन्सरचा नळ छपराच्या गळक्या जागेखाली वर तोंड करून उभा होता. शेतकरी त्यावर पत्र्याचा रिकामा डबा उपडा घालतात. आमचा डबा केव्हा तरी उडाला, तो पुन्हा कोणी घातला नाही. पावसाळ्यामागून पावसाळे त्या नळातून पाणी आत उतरले आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरून बसला.

नातवाने नोझल काढून त्या छिद्रातून तेल आणि डिझेल यांचे मिश्रण आत सोडले व सांगितले, “आता आठवडाभर हात लावायचा नाही.” त्या आठवड्यात मला ओतूरला कीर्तनसेवा होती. आख्यान विराटपर्वाचे. वाचकांस ठाऊकच आहे की अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेविली; दसऱ्याला शमीचे पूजन होते त्याच्याशी ही कथा जोडलेली आहे. ती मी कितीदा सांगितली असेल याची गणती नाही. परंतु त्या दिवशी पोथी वाचताना दोन गोष्टींवर दृष्टी प्रथमच स्थिरावली. शस्त्रे ठेवण्यापूर्वी त्या वीरांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरविल्या. ताणलेली दोरी वर्षभर तशीच राहिली तर धनुष्याचा पीळ जातो. आणि वृक्षावर चढलेल्या नकुलाने पावसाचे पाणी लागणार नाही अशाच ठिकाणी ती आयुधे बांधली. गांडीव ते गांडीव. त्याला देवांचे वरदान होते, तरीही त्याला पावसापासून जपावे लागले! आमच्या इंजिनावर एक डबा घालण्याची बुद्धी मला झाली नाही. कीर्तनात हे सांगताना माझा कंठ दाटून आला. श्रोत्यांना वाटले, बुवा पांडवांच्या वनवासाने गहिवरले.

द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशीचाही असाच एक प्रसंग आहे. भर रणात घोडे थकले, बाणांनी विद्ध झाले. अर्जुनाने भूमीतून पाणी काढले आणि भगवंतांनी घोडे सोडून स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना चोळले, पाणी पाजले, लोळू दिले, मग पुन्हा रथाला जोडले. भोवती शत्रुसैन्य उभे असताना! पार्थाच्या सारथ्याची आरती ओवाळणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना आपल्या गाडीच्या चाकात हवा किती आहे हे माहीत असते?

फार लांब कशाला जावे? आमच्याकडे भाद्रपदी अमावास्येला पोळा असतो. झूल, बाशिंगे, शिंगांचे रंग हे सारे पोळ्याच्या दिवशी. पण आदल्या दिवशी खांदेमळणी. जुवाने घासलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून तो चोळल्यावाचून आपल्या वाडवडिलांनी त्याच्यावर झूल चढविली नाही. इंजिनाला मात्र आम्ही वीस वर्षे नुसती झूल घातली.

दुसऱ्या शनिवारी चाकाच्या आऱ्यात लाकडी दांडा घालून दोघांनी हळूहळू रेटा दिला. प्रथम काहीच नाही. मग ‘करकर’ असा आवाज, आणि चाक चार बोटे सरकले. हेड उघडले. व्हॉल्व्हवर काजळीचा थर, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या. काढलेला प्रत्येक भाग नातू जुन्या वृत्तपत्रावर ओळीने मांडून ठेवीत असे व म्हणे, “ज्या क्रमाने काढले, त्याच्या उलट क्रमाने बसवायचे.” वेदाच्या जटापाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणतात, ती पाठांतर शाबूत ठेवण्याची युक्ती, पान्ह्याच्या कामातही ती उपयोगी पडते याची मला मौज वाटली. वायसर एक जरी उरला तर कोठे तरी पद गळले आहे असे समजावे.

सिलिंडर घासून घेण्यासाठी लेथवाल्याकडे नेला. रिंगा, हेड गॅस्केट, फिल्टर आणि तेल नवे आणले. लेथच्या दुकानात बसलो असता सहज आठवले, की आमच्या जुन्नरच्या लेण्यांत कांस्यकारांच्या श्रेणीचा उल्लेख असलेला सातवाहनकालीन लेख आहे. या गावच्या धातुकारागिरांच्या संघाकडे लोक विश्वासाने धर्मादाय ठेव ठेवीत. आज त्याच जुन्नर तालुक्यात वंगणाने माखलेल्या कारागिराला आपण ‘अरे-तुरे’ करतो, ते मला त्या दिवशी चांगले वाटले नाही. ऋग्वेदातले ऋभू तरी कोण? रथ घडविणारे कुशल कारागीर. आपल्या कौशल्याने ते देवपदाला गेले, आणि त्यांनी आपल्या वृद्ध मातापित्यांना पुन्हा तरुण केले अशी त्यांची ख्याती आहे. वडिलांचे इंजिन समोर उघडे पडलेले असताना ही कथा आठवावी, यात नवल नाही.

तिसऱ्या आठवड्यात जोडणी झाली. टॅपेटमधील फट नातवाने फीलरच्या पातळ पट्टीने मोजली. नंतर इंजिनाने ‘हवा धरली’ होती ती काढावयाची. डिझेलच्या वाटेत हवेचा बुडबुडा राहिला तर नोझलमधून फवारा उडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू दिले, मग स्क्रू आवळला. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, त्याचा विळखा घालू नये, हेही मी त्याच दिवशी शिकलो. इंजिन उलटा झटका देते तेव्हा अंगठा मोडतो. बंधूंनी डिकॉम्प्रेशनची कळ उचलून धरली, नातवाने चाकाला वेग आणला, कळ सोडली. एकदा धूर, दुसऱ्यांदा धूर. चौथ्या खेपेस ते धडधडले. आमच्या मातोश्रींचे वय नव्वदीच्या घरात. त्या ओसरीवर बसल्या होत्या, त्यांनी फक्त हात जोडले.

विजेपेक्षा डिझेल फार महाग पडते, हे येथे सांगितले पाहिजे. शेतीला दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी रास्तच आहे, आणि जुने इंजिन हा काही तिच्यावरचा तोडगा नव्हे. पण त्या हंगामात रात्रीची पाळी आली की बंधू रात्री घरी राहिले आणि दिवसा कांद्याला पाणी दिले, एवढे खरे.

यंदा खंडेनवमीच्या आधीच्या शनिवार-रविवारी आम्ही घरातल्या सर्व वाहनांची अशीच खांदेमळणी करणार आहोत. दुचाकीची साखळी धुऊन तेल, टायरची हवा, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा क्षार गरम पाण्याने काढणे, ब्रेकच्या केबलचा ताण. इतके घरी जमते. डिस्क ब्रेकचे पाणी, विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी यांना मात्र जाणत्यावाचून हात लावू नये. पूजेच्या वेळी कुंकू आणि तेलाचा हात ब्रेकच्या चकतीला लागू देऊ नये, त्याने ब्रेक घसरतो. माळ सायलेन्सरला टेकू नये, दोरा हँडलच्या वळणात किंवा चाकात येऊ नये. चाकाखाली लिंबू ठेवावयाचे असेल तर जरूर ठेवावे. चालविणाऱ्याची समोरची दृष्टी मात्र माळेने झाकू नये.

इंजिनाची माळ या वर्षी छपराच्या खांबाला बांधणार आहोत. नारळ समोरच्या दगडावर फोडावयाचा. सायलेन्सरवर नवा डबा घातला आहे. घरच्या पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर नातवाने तेल बदलल्याची तिथी आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेविली आहे, आणि त्याखाली महिन्यातून एकदा हँडल फिरविल्याच्या खुणा मी करतो. पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी अजून गळते. दोरी आणून ठेवली आहे. नातू रविवारी आला की ती भरावयाची आहे.