नौकेवरील लॅपटॉप आणि किनाऱ्यावरील मनोरा

किनाऱ्यालगतच्या समुद्रात पाण्याचे नमुने, तापमानाच्या नोंदी अथवा माशांच्या जातींची गणती करावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याची एक अपेक्षा असते. दिवसभरात जमलेली आकडेवारी संध्याकाळपर्यंत विभागात पोहोचावी आणि हवामानखात्याचे ताजे अनुमान नौकेवरच वाचावयास मिळावे. हाताशी लॅपटॉप असतो, खिशात भ्रमणध्वनी असतो, आणि दोहोंची सांगड घातली की काम भागेल असे त्याला वाटते. बंदरात ते भागतेही. परंतु नौका दहा-वीस किलोमीटर बाहेर गेली की कधी संपर्क तुटतो, कधी तो असल्याचे दिसूनही एक ओळ पुढे सरकत नाही. असे का घडते आणि त्यावर कोणते उपाय संभवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. दोन दुवे

या व्यवस्थेत दोन स्वतंत्र दुवे आहेत. पहिला लॅपटॉप व भ्रमणध्वनी यांच्यामधील, काही हातांचा. दुसरा भ्रमणध्वनी व किनाऱ्यावरील मनोरा यांच्यामधील, अनेक किलोमीटरांचा. अडचण आली की विद्यार्थी बहुधा पहिल्या दुव्याशी झटापट करीत बसतो. दोष मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यात असतो.

पहिला दुवा आज सोपा झाला आहे. पूर्वी भ्रमणध्वनी हा मोडेमप्रमाणे वापरीत. तारेने अथवा अवरक्त किरणांनी तो संगणकास जोडून क्रमांक फिरवावा लागे, आणि जीएसएम पद्धतीत सेकंदाला ९,६०० बिट एवढाच मूळचा वेग मिळे. आता भ्रमणध्वनी स्वतःच छोट्या वितरणकेंद्राचे काम करतो. तो लॅपटॉपला एक अंतर्गत पत्ता देतो आणि त्याची सारी ये-जा आपल्या पत्त्याच्या नावे पुढे पाठवितो. ही जोडणी यूएसबी तारेने, वाय-फायने अथवा ब्लूटूथने करता येते. तार सर्वांत भरवशाची, आणि तीतून भ्रमणध्वनीस वीजही मिळते. ब्लूटूथ सावकाश, परंतु विजेच्या बाबतीत काटकसरी. वाय-फायचा गुण असा की भ्रमणध्वनी लॅपटॉपपासून दूर ठेवता येतो. समुद्रावर हाच गुण निर्णायक ठरतो, हे पुढे दिसेल.

२. क्षितिजाचे बंधन

भ्रमणध्वनीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून समुद्र कितीही मोकळा असला तरी मनोरा क्षितिजाखाली गेला की संकेत झपाट्याने क्षीण होतो. वातावरणातील वक्रीभवनामुळे लहरी किंचित खाली वाकतात. तेवढी सवलत धरली असता, ज्या उंचीवर ॲन्टेना आहे तिच्या मीटरांतील आकड्याच्या वर्गमुळास ४.१२ ने गुणावे, म्हणजे तेथून क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरांत मिळते. दोन्ही टोकांच्या अंतरांची बेरीज हा जोडणीचा भौमितिक पल्ला होय.

उदाहरणादाखल, समुद्रसपाटीपासून ४० मीटर उंचीवरील ॲन्टेनासाठी हे अंतर २६ किलोमीटर येते. नौकेच्या फळीवर, पाण्यापासून २ मीटरवर धरलेल्या भ्रमणध्वनीचे क्षितिज जेमतेम ६ किलोमीटर. एकूण पल्ला सुमारे ३२. तोच भ्रमणध्वनी डोलकाठीवर ८ मीटर उंच चढविला तर त्याचे क्षितिज जवळजवळ १२ किलोमीटरांवर जाते आणि एकूण पल्ला ३८ च्या आसपास होतो.

कोकणच्या किनाऱ्यावर निसर्गाने येथे साहाय्य केले आहे. तेथे जांभ्या दगडाचे सडे अनेक ठिकाणी समुद्राला भिडलेले आहेत. १०० मीटर उंचीच्या सड्यावर ४० मीटरांचा मनोरा असल्यास फळीवरील भ्रमणध्वनीचाही भौमितिक पल्ला ५५ किलोमीटरांच्या घरात जातो. मात्र याच सड्यांची दुसरी बाजू खाडीत अनुभवास येते. कड्याच्या पायथ्याशी अथवा डोंगरांमधून वळणे घेत जाणाऱ्या खाडीत नौका लहरींच्या सावलीत असते. किनाऱ्याला लागून असताना संपर्क नसावा आणि मोकळ्या समुद्रात गेल्यावर तो मिळावा, या विपरीत भासणाऱ्या अनुभवाचे कारण हेच होय.

३. पाण्याचा आरसा

क्षितिजाच्या अलीकडे असतानाही संकेत अंतराबरोबर नेहमीपेक्षा अधिक वेगाने क्षीण होतो. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले तर शक्ती चौथाई होते. परंतु समुद्राचा पृष्ठभाग लहरींना आरशासारखा आहे. मनोऱ्याकडून एक लहर थेट येते, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन येते. परावर्तनात तिची कला उलटते, आणि काही किलोमीटरांपलीकडे दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारक ठरतात. परिणामी तेथे अंतर दुप्पट झाले की शक्ती सोळावा हिस्सा उरते. लाटा उसळलेल्या असतील तर हा आरसा भंगतो आणि संकेत स्थिर न राहता हेलकावे खातो.

या नियमाची एक बाजू मात्र आपल्या हिताची आहे. त्याच टापूत मिळणारी शक्ती ॲन्टेनाच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भ्रमणध्वनी २ मीटरांवरून ८ मीटरांवर नेला की उंची चौपट, म्हणून शक्ती सोळापट. डोलकाठीच्या दोरीला जलाभेद्य पिशवीत बांधून वर चढविलेला भ्रमणध्वनी आणि खाली केबिनमध्ये वाय-फायने जोडलेला लॅपटॉप, ही साधी युक्ती म्हणूनच महागड्या उपकरणांइतकी उपयोगी पडते. यूएसबीची साधी तार ५ मीटरांपलीकडे भरवशाची नसते. येथे वाय-फायच कामास येते. लाकडी अथवा फायबरच्या केबिनमधून त्याच्या लहरी सहज जातात, लोखंडी केबिनमधून जात नाहीत. पिशवी उन्हात तापते आणि तापलेला भ्रमणध्वनी आपोआप बंद पडतो, एवढे ध्यानात ठेवावे.

४. पट्ट्या का फसवितात

पडद्यावरील पट्ट्या मनोऱ्याकडून येणारा संकेत किती प्रबळ आहे एवढेच सांगतात. मनोऱ्याचा प्रक्षेपक कित्येक वॉटांचा असतो. एलटीई पद्धतीत भ्रमणध्वनीची कमाल शक्ती सामान्यतः एक पंचमांश वॉट असते. आपणास मनोरा ऐकू येतो, पण मनोऱ्यास आपण ऐकू जात नाही, अशी अवस्था यातून उद्भवते. भ्रमणध्वनी कमाल शक्तीने हाका मारीत राहतो आणि त्याची बॅटरी पाहता पाहता उतरते.

दुसरे कारण कालमापनाचे. जीएसएम पद्धतीत प्रत्येक भ्रमणध्वनीस बोलण्यासाठी ठराविक क्षण नेमून दिलेला असतो, आणि लहरीला जाण्यायेण्यास लागणारा वेळ भरून काढण्यासाठी त्याने थोडे आधी बोलावे लागते. या आगाऊपणाची कमाल मर्यादा सुमारे २३३ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे ३५ किलोमीटर. त्यापलीकडे संकेत कितीही स्पष्ट असला तरी सामान्य व्यवस्थेत जोडणी होत नाही. वर डोलकाठीसाठी काढलेला ३८ किलोमीटरांचा पल्ला या पद्धतीत म्हणूनच पूर्णतः हाती लागत नाही. एलटीई पद्धतीत मनोऱ्याची मांडणी कशी केली आहे यावर ही मर्यादा अवलंबून असते. नेहमीच्या मांडणीत ती १४ किलोमीटरांच्या आसपास, तर सर्वांत मोठीत १०० किलोमीटरांपर्यंत असते. शिवाय मनोऱ्याचे ॲन्टेना गावाकडे, किंचित खाली झुकवून बसविलेले असतात. समुद्राच्या वाट्यास येते ते उरलेसुरले.

पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत याच्या उलट चमत्कारही घडतो. जमिनीवरील कोरडी, उष्ण हवा समुद्राच्या दमट हवेवर पसरली की दोहोंच्या सीमेवर लहरी कोंडल्या जातात व नळीतून जाव्यात तशा क्षितिजापलीकडे पोहोचतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात हजार मैलांपलीकडील अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटल्याची नोंद आहे. अशा दिवशी दूरच्या मनोऱ्याच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात; कालमापनाच्या मर्यादेमुळे त्या निरुपयोगी ठरतात.

५. व्यवहार आणि सावधगिरी

यावरून कामाची पद्धत ठरविता येते. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरील मनोऱ्यांच्या उंचीवरून पल्ल्याचा अंदाज नकाशावर आखून ठेवावा. लॅपटॉपवरील आपोआप होणारी अद्ययावतीकरणे बंद करावीत. नाहीतर मिळालेला अरुंद मार्ग तीच अडवून बसतात. आकडेवारी संक्षिप्त करून लहान तुकड्यांत पाठवावी, म्हणजे दुवा तुटला तरी पाठविलेले वाया जात नाही. प्रथम आकडे, मग छायाचित्रे. मूळ प्रत नौकेवर कोरड्या जागी राहावी.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीलगतच्या समुद्रात ओखी चक्रीवादळ उद्भवले, तेव्हा केरळ व तामिळनाडूचे अनेक मच्छीमार भ्रमणध्वनीच्या पल्ल्याबाहेर खोल समुद्रात होते. इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नाही, आणि कित्येक जण परतले नाहीत. भ्रमणध्वनी एका मनोऱ्याशी बोलतो. तो मनोरा क्षितिजाखाली गेला की त्याचे बोलणे संपते. नौकेवरील व्हीएचएफ रेडिओचा १६ वा चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, असा रेडिओ चालू असलेल्या आसपासच्या नौका ऐकू शकतात. उपग्रहाद्वारे चालणारे संकटसूचक यंत्र तर क्षितिजाच्या बंधनातून मुक्तच असते. आकडेवारी पाठविण्यास भ्रमणध्वनी पुरेसा आहे, आणि ती एक दिवस उशिरा पोहोचली तरी संशोधनाची हानी होत नाही. प्राणरक्षणाचा भार मात्र त्याच्यावर टाकू नये. विद्यार्थ्यांस समुद्रावर धाडणाऱ्या विभागांनी लॅपटॉप व भ्रमणध्वनी यांची सोय पाहण्यापूर्वी ही दोन साधने नौकेवर चालू स्थितीत आहेत की नाहीत, हे पाहावे.