जनाची नाही, तर मनाची : बिशप जोसेफ बटलर

इंग्लंडच्या उत्तर-पूर्व कोपऱ्यात राहणाऱ्या आम्हा मंडळींकडे भारतातून पाहुणे आले की त्यांना डरहॅमचे कॅथीड्रल दाखवायला न्यायचे, असा रिवाजच पडून गेला आहे. त्याच वेअर नदीच्या काठाने वर डोंगराकडे गेले की स्टॅनहोप नावाचे एक लहानसे गाव लागते. तिथे मुद्दाम कुणी जात नाही. आम्हीही एका रविवारी पोळी-भाजीचा डबा घेऊन सहज भटकायला म्हणून गेलो होतो. तिथल्या चर्चच्या आवारात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका झाडाचं दगड झालेलं खोड आहे, ते मुलांना दाखवायचं होतं. खोड पाहून झालं, डबा संपला, आणि गावाची माहिती वाचता वाचता एक नाव पुढे आलं : जोसेफ बटलर. 1725 साली हे गृहस्थ या गावाचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मोपदेशक झाले. पुढे ते डरहॅमचे बिशप झाले आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नीतिशास्त्रावर लिहिणाऱ्या इंग्रज लेखकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले.

परदेशी पाद्र्याची प्रवचने वाचायची आम्हाला काही हौस नव्हती. पण नंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांचे पुस्तक मिळाले, थोडे वाचले, आणि मग ते आम्हाला सोडेना. का, ते शेवटी सांगतो. आधी माणसाची ओळख करून घेऊ.

बटलर यांचा जन्म 18 मे 1692 रोजी वाँटेज या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी. आठ भावंडांत हे सर्वांत धाकटे. घराणे प्रेस्बिटेरियन पंथाचे, म्हणजे सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचे. अशा लोकांना त्या काळी ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे. त्यामुळे मुलाला त्याच पंथाच्या एका खासगी विद्यालयात घातले. तिथे असतानाच एक गंमत झाली. डॉ. सॅम्युएल क्लार्क हे त्या काळातले गाजलेले तत्त्वज्ञ. त्यांनी ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल दिलेल्या पुराव्यात बटलरना दोन कच्चे दुवे दिसले. वय अवघे एकवीस. नाव सांगायचा संकोच. म्हणून निनावी पत्र लिहिले. सेकर नावाचा वर्गमित्र ही पत्रे गुपचूप ग्लॉस्टरच्या टपालात टाकून यायचा आणि उत्तरे घेऊन यायचा. क्लार्क यांना शंका इतक्या मोलाच्या वाटल्या की त्यांनी पुढे हा पत्रव्यवहार आपल्या पुस्तकाला जोडून छापला. आणि तो टपाल नेणारा सेकर? तो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला!

विचार करता करता बटलर यांनी वडिलांचा पंथ सोडला, चर्च ऑफ इंग्लंडमध्ये प्रवेश केला, आणि 1715 साली ते ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात दाखल झाले. 1719 पासून लंडनच्या चॅन्सरी लेनमधील रोल्स चॅपेलमध्ये ते प्रवचने देऊ लागले. समोर बसणारे श्रोते बहुतेक वकील आणि न्यायाधीश. म्हणजे युक्तिवादातली फट चटकन हेरणारी मंडळी. त्यांतली निवडक 15 प्रवचने 1726 साली पुस्तकरूपाने निघाली. बटलर यांचे नाव आज मुख्यतः या पुस्तकामुळे घेतले जाते.

पुस्तक निघाले आणि बटलर स्टॅनहोपला येऊन राहिले. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी गावातल्या आठवणी नोंदल्या गेल्या, त्या मोठ्या मजेदार आहेत. म्हणे ते एका काळ्या तट्टावर बसून भरधाव जायचे. भिकाऱ्यांना नाही म्हणणे त्यांना जमत नसे, आणि भिकाऱ्यांना ते पक्के ठाऊक होते. ते असे मागे लागत की कधी कधी रेक्टरसाहेबांना परत घरात शिरून दार लावून घ्यावे लागे. करुणेवर दोन-दोन प्रवचने लिहिणाऱ्या माणसाची ही अवस्था!

लंडनला त्यांचा विसरच पडला. राणी कॅरोलाइनला तत्त्वज्ञानाची आवड. बटलर हयात नाहीत असा तिचा समज होता. तिने यॉर्कच्या आर्चबिशपांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की मेलेले नाहीत, पण पुरलेले मात्र आहेत. अखेर 1736 मध्ये राणीने त्यांना आपल्या सेवेत बोलावून घेतले. संध्याकाळी सात ते नऊ तिच्याकडे तत्त्वचर्चा चाले. पुढच्याच वर्षी राणी वारली. 1738 मध्ये बटलर ब्रिस्टलचे बिशप झाले, 1750 मध्ये डरहॅमचे, आणि 16 जून 1752 रोजी बाथ येथे त्यांचे निधन झाले. लग्न केले नाही. डरहॅमसारखी श्रीमंत गादी मिळूनही राहणी साधीच राहिली. बड्या पाहुण्याला जेवायला बोलावले तरी पानात मांसाचा एक पदार्थ आणि एक पुडिंग, एवढाच बेत असे, असे सांगतात.

आता त्यांचा विचार. त्या काळी लंडनमध्ये एक मत फार बोकाळले होते. हॉब्ज या तत्त्वज्ञाने आणि नंतर मँडेव्हिल नावाच्या डॉक्टरने ते मांडले होते. मत असे की माणूस जे काही करतो ते शेवटी स्वतःसाठीच. दया म्हणजे काय, तर उद्या हीच पाळी आपल्यावर येईल ही भीती. आजही आपल्या गप्पांत कुणीतरी हे बोलतोच : 'अहो, सगळे स्वार्थीच. दान करणारासुद्धा स्वतःच्या समाधानासाठी करतो.' यावर काय उत्तर द्यावे ते आपल्याला सुचत नाही.

बटलर यांनी उत्तर दिले आहे. ते म्हणतात, दया जर भीतीच असेल, तर सर्वांत भित्रा माणूस सर्वांत दयाळू असायला हवा. तसे दिसते का? शिवाय समाधान मिळते ते कशातून? भूक लागली की आपल्याला अन्न हवे असते. समाधान नंतर येते. अन्नाची ओढच नसती तर खाण्यात सुख कुठून आले असते? आई मुलाला भरवते तेव्हा तिला समाधान मिळते खरे. पण ते मिळते, कारण मुलाचे पोट भरावे ही इच्छा तिला आधीच असते. समाधान हे कारण नव्हे, परिणाम आहे. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत, इनपुट आणि आउटपुट यांची अदलाबदल करून चालणार नाही.

त्याहून चकित करणारे त्यांचे म्हणणे असे, की माणसात शहाणा स्वार्थ फार आहे हे खरे नाही, उलट तो फार थोडा आहे. आपल्याकडची भाऊबंदकी आठवा. एका भिंतीपायी दोन भाऊ वीस वर्षे कोर्टात जातात. भिंतीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे वकिलांना देतात. याला स्वार्थ म्हणायचं? स्वतःचं थोडं जरी भलं पाहिलं असतं तरी दोघं पहिल्याच वर्षी तडजोड करून मोकळे झाले असते. माणसाला बुडवतो तो राग, हेवा, हट्ट. तरीही राग म्हणजे शत्रू, असे बटलर म्हणत नाहीत. अन्याय दिसल्यावर संताप यावा ही योजनाच आहे. तो सूडापर्यंत गेला की बिघाड झाला. आपल्याकडच्या षड्रिपूंच्या कल्पनेपेक्षा हे जरा वेगळे आहे.

मग या सगळ्या वृत्तींवर लक्ष कोणी ठेवायचे? इथे बटलर घड्याळाचे उदाहरण देतात. घड्याळाचे सगळे भाग सुटे करून टेबलावर मांडले, म्हणजे घड्याळ कळले असे होत नाही. कुठला भाग कुणाच्या हुकमतीत आहे, हे कळले तरच घड्याळ कळले. माणसाच्या स्वभावाचेही तसेच. भूक, राग, प्रेम, स्वहिताचा विचार हे सारे भाग आहेत. पण त्या सर्वांच्या वर सदसद्विवेकबुद्धी आहे. तिच्याकडे इतरांहून जास्त ताकद असेलच असे नाही, पण अधिकार मात्र तिचाच. आम्ही मनाशी रेल्वेचे उदाहरण घेतले. लाल सिग्नलमध्ये गाडी अडवण्याची ताकद नसते. ड्रायव्हरने ठरवले तर गाडी पुढे जाईल. पण म्हणून सिग्नल खोटा ठरत नाही. गाडी चुकीची ठरते. आणखी एक फरक ते दाखवतात : घड्याळ बिघडले तर घड्याळाला दोष नाही, माणूस बिघडला तर मात्र जबाबदारी त्याची. आपल्या आज्या हेच एका वाक्यात सांगायच्या : जनाची नाही तर मनाची तरी बाळग.

इतपत वाचून आम्ही खूश होतो. मग दहावे प्रवचन आले. विषय : स्वतःची फसवणूक. आणि इथे आम्हाला पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले.

बटलर म्हणतात, विवेकबुद्धी असून भागत नाही, कारण आपण तिला पूर्ण कागदपत्रेच दाखवत नाही. जिथे आपले हित गुंतलेले असते तिथे नेमके पाहायचे टाळतो. चोर उघड चोरी करतो, त्याला निदान ठाऊक तरी असते. स्वतःला फसवणारा चांगुलपणाच्या भावनेत राहूनच वाईट करतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, या आपल्या म्हणीत हेच आहे. यावर ते दोन उपाय सांगतात. एक, आपल्या वागण्याच्या जागी दुसऱ्या कुणाचे तरी वागणे आहे असे समजा आणि मग निवाडा करा. दोन, आपल्या वैऱ्याला आपल्यावर डाग लावायचा असता तर त्याने नेमके कुठे बोट ठेवले असते, ते शोधा.

खुद्द बटलर यातून सुटले होते का? नाही. ब्रिस्टलची गादी मिळाली तेव्हा तिचे उत्पन्न फार थोडे म्हणून त्यांनी पंतप्रधान वॉलपोल यांना नाराजीचे पत्र लिहिले. ते सोडून देऊ. पण 1739 साली त्यांनी परदेशी धर्मप्रसार करणाऱ्या एका सोसायटीपुढे प्रवचन दिले. गुलामही माणसेच आहेत, त्यांना नुसती गुरे समजू नका, असे त्यात सांगितले. त्या काळात तेही थोडे नव्हते. पण गुलामगिरी बंद करा, असे मात्र ते म्हणाले नाहीत. आणि त्या सोसायटीच्याच मालकीचा बार्बाडोसमध्ये उसाचा मळा होता, त्यावर गुलाम राबत होते. या प्रकाराबद्दल चर्च ऑफ इंग्लंडने 2006 साली माफी मागितली. स्वतःच्या फसवणुकीवर इतके नेमके लिहिणारा माणूसही इतक्या जवळचे पाहू शकला नाही. हे वाचून बटलर यांच्याबद्दलचा आदर थोडा कमी झाला, पण त्यांच्या प्रवचनावरचा विश्वास उलट वाढला.

आता आमचे. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमाहून परत येताना गाडीत आम्ही दोघांनी ओळखीच्या एका जोडप्याचा यथेच्छ समाचार घेतला. त्यांनी वडिलांना पुण्याला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. 'एवढा पैसा आहे, पण बापासाठी वेळ नाही,' असं आम्ही म्हणालो. त्याच वर्षी साताऱ्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शेजारच्या काकू तिला घेऊन गेल्या. आम्ही पैसे पाठवले, रोज फोन केला, आणि या वेळी सुट्टीच मिळत नाही असं सांगितलं. सुट्टी होती. त्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन आठवडाभर स्पेनला गेलो. मुलांना बदल हवाच होता, ऑपरेशन काही मोठं नव्हतं, काकू होत्याच. सगळी कारणं तयार होती, आणि खोटं बोललो असं आम्हाला खरोखरच वाटलं नव्हतं.

दहावे प्रवचन वाचून झाल्यावर आमच्या जागी त्या जोडप्याचं नाव घातलं. निवाडा व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालो, "आई, ऑपरेशनच्या वेळी सुट्टी नाही म्हणालो होतो ना, ते खरं नव्हतं."

ती म्हणाली, "ठाऊक आहे की. स्पेनचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर तूच पाठवले होतेस. डोळा बरा झाल्यावर सगळे नीट पाहिले मी. छान आलेत."

येत्या जानेवारीची तिकिटं काढली आहेत. त्या जोडप्याला मात्र काय सांगणार, त्यांना आमच्या गाडीतल्या गप्पा थोड्याच ठाऊक आहेत? पुढच्या कार्यक्रमात भेटले की त्यांच्या वडिलांची चौकशी तेवढी करायची, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असं ठरवलं आहे.

असो. कुणाला पुस्तक हवे असेल तर आमच्याकडे आहे, जरूर घेऊन जा. दहावे प्रवचन मात्र शेवटी वाचा.