तेरा नारळ

इस्रायलमधल्या दिमोनाच्या बसथांब्यावर मागून आवाज आला, "गेली गो बाय बस!" नेगेवच्या वाळवंटात अलिबागचा हेल! मी वळून बघितलं, ओळख झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्या मावशींच्या स्वयंपाकघरात मलिदा कसा करतात ते बघत बसलो.

नातवाने नवं घर घेतलेलं, म्हणून संध्याकाळी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा. पोहे धुऊन निथळत होते. मावशी पाय दुमडून विळीवर बसलेल्या. विळी अलिबागची, साड्या मागे ठेवून आणलेली. नारळाची वाटी त्या न बघता फिरवत होत्या, खोबरं भुरभुरत पडत होतं. "बहिणीच्या लग्नातल्या मलिद्याला तेरा नारळ लागलेले," त्या म्हणाल्या. आज दोनच होते.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. हे लोक तिकडे तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून नावच पडलं शनिवार तेली. 1948 नंतर ते हळूहळू इकडे आले. तिकडे त्यांच्या ज्यू असण्याचा पुरावा शेजाऱ्यांनी कधी मागितला नाही. इथल्या धर्मपीठाने मात्र लग्न लावण्याआधी आजी-पणजीची चौकशी मांडली. 1964 साली जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. आता सगळे कौतुकाने म्हणतात, "छान मिसळून गेले." मिसळू दिलं कधी, ते कोण सांगतो?

"बाबा गेलेले धरण्याला," मावशी म्हणाल्या. "आय डबा बांधून द्यायची." आणि पुन्हा नारळ. तेरा नारळ खवायला तेव्हा सगळी आळी बसलेली.

साखर, वेलची, पिस्ते पडले. वेलचीचा वास घरभर झाला. तो वास मला अजून सोडत नाही. ताटाच्या कडेने खजूर, केळी, सफरचंद, संत्रं, डाळिंब.

नातसून मोरोक्कोकडच्या घरातली. तिला मराठी येत नाही, मावशींचं हिब्रू कोकणी हेलाचं. तिने पर्समधून छोटी बाटली काढली आणि न विचारता मलिद्यावर थेंब टाकले. नारिंगीच्या फुलांचं पाणी. मावशींचा हात थबकला. मग त्यांनी मलिदा खालीवर केला, बोटं नाकाशी नेली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या,

"वास बरा हाय. तिला सांगू नको हां."