वाडीचा दम आणि मालवणचा दर्या

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, त्या नृसिंहवाडीकरांना पाण्याचे कौतुक असले तरी भय फारसे नाही. पावसाळ्यात कृष्णामाई घाटाच्या पायऱ्या चढत येते, मनोहर पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी मुलूखभरची माणसे लोटतात. अशा गावात पोरे चालण्यापाठोपाठ पोहणे शिकतात, आणि बुडी मारून जो अधिक वेळ खाली राहील तो पट्टीचा, असा अलिखित कायदा चालत आलेला आहे. आमच्या मंडळींनी हिवाळ्यात मालवणास स्कूबा डायव्हिंगसाठी जाण्याची तजवीज केली, तेव्हा हीच सनद प्रत्येकाच्या खिशात होती. ती तेथे चालत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मालवण बंदरासमोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवछत्रपतींनी तेथे सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूकडे खारे पाणी असता दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोड, हे नवल तेथे अद्याप पाहावयास मिळते. तट पाहून माघारी फिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की या परिसरातील खडकांवर, ओहोटीच्या रेषेखाली, प्रवाळांची वसाहत आहे. 1987 साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण मिळाले, आणि तारकर्लीस पर्यटन महामंडळाची प्रशिक्षणसंस्थाही उभी राहिली.

होडीत बसण्यापूर्वी एक छापील फॉर्म भरून द्यावा लागतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांची त्यात विचारपूस असते. आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दम्याचा रकाना मोकळा ठेवून पाहिला. सूनबाईंनी तो जागच्या जागी भरविला, आणि मामंजी होडीतच बसून राहिले. ते योग्यच झाले.

पाठीवर जी टाकी बांधतात तीत प्राणवायू असतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक तीत आपली नेहमीचीच हवा, परंतु सुमारे दोनशेपट दाबाने कोंडलेली असते. ती हवी तेव्हा, हवी तितकी आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात सोडणारे यंत्र 1943 मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. सारे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वाडीचा पोहणारा छाती भरून बुडी मारतो तेव्हा ती हवा खाली आकसते आणि वर येताना मूळपदावर येते, तेवढेच. दहा मीटरांवर टाकीतून घेतलेला श्वास मात्र दुप्पट दाबाचा. तो कोंडून वर आल्यास तो फुगून दुप्पट जागा मागतो, आणि फुप्फुसाला ती देता येत नाही. उथळ पाण्यातही हा धोका टळत नाही. म्हणजे नदीकाठी ज्या गुणाची शाबासकी मिळाली, त्याचीच येथे सक्त मनाई.

आमचा प्रशिक्षक विशीतला मालवणी पोरगा. त्याची ताकीद एकच होती: “काका, श्वास कोंडू नकात, तोंडान घेत ऱ्हवा.” सवय सुटता सुटत नव्हती. घाटावरून उड्या टाकण्यात हयात गेलेले गडी पुन्हा पुन्हा गाल फुगवून बसत, आणि ज्यांना पोहण्याचा गंधही नाही अशा बायाबापड्या पहिल्याच प्रयत्नात शहाण्यासारख्या श्वास घेऊ लागल्या. त्यात अंगठा वर करणे म्हणजे ‘ठीक आहे’ नव्हे, तर ‘वर न्या’. एका उत्साही गृहस्थांनी आनंदाने अंगठा दाखविला आणि ते तत्काळ वर आणले गेले!

खाली गेल्यावर कानात दडा बसतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की तो सुटतो. मग दिसू लागते ते असे: खडकाला चिकटलेले, वरकरणी दगडच वाटणारे प्रवाळ, आणि त्यांच्या कपारीतून आत-बाहेर करणारे, पिवळ्या पाठीवर काळे पट्टे मिरविणारे मासे. मालवणात येऊन मासा ताटाऐवजी पाण्यातच पाहणारी आम्ही वाडीची मंडळी विरळाच असू. छायाचित्रांसाठी माशांपुढे पाव कुस्करण्याची जी रीत पडली आहे ती मला मुळीच पसंत नाही. पाव हे त्यांचे अन्न नव्हे. अननुभवी पायांनी प्रवाळ तुडविले जातात हे तर त्याहून वाईट, कारण हा जीव वर्षाकाठी फार थोडा वाढतो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, तेव्हा आठवण म्हणून तुकडा खिशात घालणे हा गुन्हाच होय.

कोल्हापूरकडच्या मंडळींनी परतीचा बेत आखताना एक ध्यानात ठेवावे. दाबाखाली श्वसन केल्याने रक्तात अधिकचा नत्रवायू विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. म्हणून एका बुडीनंतर किमान बारा तास, अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानप्रवास करू नये असा दंडक आहे. उथळ पाण्यातल्या एका फेरीने फारसे काही बिघडत नाही. परंतु खोल किंवा वारंवार बुड्या घेणाऱ्याने त्याच सायंकाळी गगनबावड्याचा घाट चढण्याची घाई करू नये. रात्रीचा मुक्काम मालवणातच करावा, किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा आणि दुपारनंतर गाडी काढावी.