क्लॅरोनेटचं वय

श्रावणातल्या सोमवारी रामलिंगाच्या घाटात माणसांची रीघ लागते, तेव्हा येडशीचं नाव धाराशिव जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी असतं. एरवी हे गाव रेल्वेचं. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आलेली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पुढे येडशीवरून 1911 मध्ये लातूरला पोचली. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, येडशी निजामाच्या. कापूस, धान्य, प्रवासी हे सगळं या अडीच फुटी रुळांवरून इकडचं तिकडे होई. लग्नाच्या तिथीला बँडपार्टीही आपल्या पेट्या, ढोल आणि कर्णे घेऊन अशाच गाड्यांनी फिरत. त्या पेट्यांतलं एक वाद्य आजही धाराशिव, लातूर, सोलापूर भागातल्या जुन्या बँडवाल्यांच्या घरी माळ्यावर सापडतं. ते म्हणजे क्लॅरोनेट.

बेंजो पार्टी आली, मग कीबोर्ड आला, मग डीजे. क्लॅरोनेट वाजवणारा मास्तर मागे पडला. पेटी मात्र घरातच राहिली. ती उघडली की घरचे सांगतात, ‘इंग्रजांच्या काळातलं आहे, शंभर-सव्वाशे वर्षांचं.’ कधी ते अगदी खरं निघतं, तर कधी वाद्य 1960 च्या पुढचं असतं. आजोबांच्या शब्दावर शंका घेण्याचं कारण नाही, पण वाद्याच्या अंगावरच्या खुणा जास्त नेमकं सांगतात. त्या पाहायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. तिरका उजेड आणि थोडा धीर असला की पुरे.

हे वाद्य आपल्याकडे कसं आलं ते थोडक्यात सांगतो. 1700 च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या डेनरने त्याला आकार दिला. 1812 च्या सुमारास इवान म्यूलरने तेरा चाव्यांचं क्लॅरोनेट पुढे आणलं. 1839 मध्ये पॅरिसला क्लोझे आणि ब्युफे यांनी चाव्यांची नवी मांडणी दाखवली, तिला आज बोहम पद्धत म्हणतात. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या दरबारात पाश्चात्त्य बँड उभा केला. तेव्हा युरोपी फुंकवाद्यांचा मान राखणाऱ्या पहिल्या देशी दरबारांत एक मराठी दरबार होता, याचा मला फार अभिमान वाटतो. मराठवाड्यात फौजी वाद्यसंगीत आलं ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावण्यांतून. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, हिंगोली आणि औरंगाबाद इथे या छावण्या होत्या. पलटणींत शिकलेले वादक आणि मोडीत निघालेली वाद्यं, दोन्ही हळूहळू लग्नाच्या बँडांत आले. पुण्यात सोलापूरकरांच्या प्रभात बँडने आणि दरबार बँडने गणपतीच्या मिरवणुकीत या वाद्यांना जे मानाचं स्थान मिळवून दिलं, त्याचा सूर गावोगावच्या पार्ट्यांनी उचलला.

आता वाद्य हातात घ्या. जोड सुटे करा: माउथपीस, बॅरल, वरचा जोड, खालचा जोड, भोंगा. आधी मागे अंगठ्याचं छिद्र पाहा. त्याभोवती धातूची रिंग असेल तर वाद्य बहुधा बोहम पद्धतीचं. साध्या बोहममध्ये सतरा चाव्या आणि सहा रिंगा असतात, आणि उजव्या करंगळीसाठी चार चाव्यांचा झुबका असतो. अंगठ्याला रिंग नसेल, उजव्या करंगळीखाली दोनच चाव्या असतील आणि त्यांच्यामध्ये बोट घसरावं म्हणून छोटे रूळ बसवलेले असतील, तर ते जुन्या साध्या पद्धतीचं. ब्रुसेल्सच्या यूजीन अल्बर्टच्या नावावरून तिला अल्बर्ट पद्धत म्हणतात. आपल्याकडच्या बँडांत ही पद्धत फार काळ टिकली. म्हणून अल्बर्ट दिसलं की लगेच एकोणिसावं शतक असं समजू नये. युरोपात मागे पडल्यावरही हिंदुस्थानच्या बाजारासाठी ती वाद्यं बनतच होती.

खरी माहिती शिक्क्यात असते. भोंग्यावर, बॅरलवर आणि दोन्ही जोडांवर लाकडात ठोकलेली अक्षरं असतात. घामाने, तेलाने आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीने ती पुसट झालेली असतात. खोलीत अंधार करा, बॅटरीचा उजेड अगदी आडवा धरा, आणि वाद्य हळूहळू फिरवा. उजेड एका विशिष्ट कोनात आला की गेलेली अक्षरं उठून दिसतात. हे मी प्रत्येकाला करून पाहायला सांगतो, कारण त्या दोन मिनिटांत पन्नास वर्षांचा वाद मिटू शकतो.

काय वाचायचं? कंपनीचं नाव आणि पत्ता. ‘बूझी अँड कंपनी, 295 रीजंट स्ट्रीट, लंडन’ असेल तर वाद्य 1930 च्या आधीचं. ‘हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट’ असेल तरीही तेच. या दोन कंपन्या 1930 मध्ये एक झाल्या आणि त्यापुढे ‘बूझी अँड हॉक्स’ हे जोडनाव आलं. रीजंट, एजवेअर, एम्परर, इम्पीरियल ही मॉडेलं त्या जोडनावाची, म्हणून ती एकोणिसाव्या शतकातली असणं शक्यच नाही. ‘बेसन, 198 यूस्टन रोड’ हा पत्ताही जुन्या वाद्यांवर दिसतो. बेसन पुढे 1948 मध्ये बूझी अँड हॉक्सच्या ताब्यात गेली.

देशाचं नाव हे तर पंचांगच. ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलं असेल तर 1918 च्या आधीचं वाद्य असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला. तिथल्या क्रासलित्सेच्या आमाती कारखान्याचं असेल तर 1945 च्या पुढचं. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे 1949 ते 1990 च्या दरम्यानचं. एवढ्यावरूनच काही पेट्यांतल्या ‘इंग्रजांच्या काळातल्या’ वाद्यांचा निकाल लागतो.

मग येतो मेरठचा प्रश्न. तिथली जाली कोठी म्हणजे बँडवाद्यांचा बाजार, आणि तिथलं नादिर अली अँड कंपनी हे सर्वांत नावाजलेलं नाव. ही कंपनी 1885 साली सुरू झाली. देशी वाद्यांवर कधी परदेशी नावासारखी अक्षरं असतात, तर कधी परदेशातून आणलेल्या मालावर देशी दुकानदाराचं नाव ठोकलेलं असतं. मुंबईच्या वाद्यविक्रेत्यांचे शिक्के असलेली वाद्यंही अशीच. म्हणून नुसतं ‘लंडन’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये आणि देशी नाव दिसलं म्हणून नाक मुरडू नये. मेरठच्या कारागिरांनी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत लग्नं वाजती ठेवली, त्या वाद्यांचाही इतिहास लिहायला हवा.

शिक्क्याजवळ कधी ‘एच पी’ किंवा ‘एल पी’ अशी दोन अक्षरं असतात. माझ्या मते आपल्याकडच्या वाद्यांत हीच सगळ्यांत बोलकी खूण. एच पी म्हणजे उंच पट्टी, एल पी म्हणजे खालची. इंग्लंडमध्ये एकेकाळी मधल्या ‘ए’ स्वराची कंपनसंख्या सुमारे 452 धरत. वाद्यवृंदांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाली आणली, पण लष्करी बँडांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उंच पट्टीच चालवली. आज जगभर 440 चालते. फरक साधारण अर्ध्या स्वराच्या निम्म्याइतका. उंच पट्टीचं बी-फ्लॅट वाद्य माउथपीस सोडून मोजलं तर 60 सेंटिमीटरपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने आखूड भरतं. असं वाद्य घरच्या हार्मोनियमसोबत कितीही जपून वाजवा, सूर चढाच लागतो. बॅरल बाहेर ओढून काही स्वर जमतात, बाकीचे बिघडतात. कितीतरी वादकांना ‘तुझा कान कच्चा’ असं ऐकून घ्यावं लागलं असेल, आणि दोष मात्र वाद्याच्या जन्मातच होता! एच पी चं वाद्य सापडलं तर ते बहुधा फौजी बँडाच्या वारशातलं आणि 1930 च्या आधीचं, असं मानायला हरकत नाही.

क्रमांकाकडे मी सर्वांत शेवटी वळतो. तो वरच्या आणि खालच्या जोडावर एकच आहे का पाहा. नसेल तर दोन वाद्यांचे तुकडे जुळवून एक केलेलं आहे. बँडवाल्यांत हे सर्रास होतं आणि त्यात कमीपणा काही नाही, पण वय सांगताना दोन्ही जोडांचं वेगळं सांगावं लागतं. भोंगा तर हमखास दुसऱ्याचा असतो. ब्युफेसारख्या कंपन्यांचे क्रमांक आणि वर्षं जुळवता येतात. बूझी आणि हॉक्स यांच्या कारखान्यांचं दप्तर लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहे. कारागिरांची नावं, पत्ते आणि काळ यांसाठी विल्यम वॉटरहाउस यांचा 1993 चा ‘न्यू लँगविल इंडेक्स’ हा कोश उत्तम. एडिंबरा विद्यापीठात सर निकोलस शॅकल्टन यांच्या संग्रहातली शेकडो क्लॅरोनेटं आहेत. तिथे ती इतक्या प्रेमाने जपलेली आहेत, आणि आपल्याकडे तीच वाद्यं मोडीत जाताना पाहून वाईट वाटतं.

लाकडाबद्दल एवढंच सांगतो. चांगली परदेशी वाद्यं आफ्रिकेतल्या काळ्या, जड लाकडाची, काही एबोनाइटची. एबोनाइट जुनं झालं की काळ्याचं तपकिरी-हिरवट होतं आणि घासलं की गंधकाचा वास येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड वाळतं आणि वरच्या जोडाला तडा जातो. तडा गेला म्हणून वाद्य फेकू नका, तो भरता येतो.

आणि आता विनंती. जुनं क्लॅरोनेट दुरुस्तीला किंवा भंगारात देण्यापूर्वी सँडपेपर, पॉलिश आणि काळा रंग यांपासून ते लांब ठेवा. शिक्का एकदा घासला गेला की परत येत नाही. आधी प्रत्येक जोडाचे, शिक्क्याचे आणि क्रमांकाचे फोटो काढा, लांबी मोजून लिहा. मग त्याच कागदावर ते कुणी वाजवलं, कुणाकडे शिकलं, कोणत्या बँडात होतं आणि कोणत्या गावांच्या लग्नांना गेलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. कंपनीचं वर्ष लंडनच्या दप्तरात मिळू शकेल, पण येडशीच्या किंवा ढोकीच्या वादकाचं नाव तुमच्या घराबाहेर कुठेही लिहिलेलं नाही. ही दिवाळी झाली की तेवढं एक काम कराच.