शाखा अडली कुठे? एक शब्द सांगतो
सिस्कोच्या डीएमव्हीपीएन जाळ्यात मुख्य कार्यालयाचा राउटर म्हणजे हब, शाखांचे राउटर स्पोक. एखादी शाखा तुटली की अनेक जण थेट कॉन्फिगरेशन उपसू लागतात. त्याआधी 'शो डीएमव्हीपीएन' ही कमांड द्यावी. 'स्टेट' रकान्यातला एकच शब्द दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगतो!

तिथे 'आयकेई' दिसलं, तर पहिली बोलणीच अडली आहेत: दोन्हीकडचा गुप्त संकेत जुळतो का, फायरवॉल यूडीपी ५०० आणि ४५०० अडवतोय का, ते पाहावं. 'एनएचआरपी' दिसलं, तर स्पोकची हबकडे नोंदणी झालेली नाही.

शेवटच्या रकान्यातही गंमत आहे. स्पोकवर हबपुढे 'एस', म्हणजे हाताने लिहिलेली नोंद. हबवर स्पोकपुढे 'डी', म्हणजे आपोआप शिकलेली.