दाखल्यावर आजाराचे नाव काय लिहायचे?

‘‘साहेब, पंधरा दिवसांचं सर्टिफिकेट द्या. टायफॉइड लिहा, कावीळ लिहा, काहीही लिहा. फक्त ते मानसिक-बिनसिक लिहू नका.’’

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी अशी मागणी करणारा एखादा तरी असतोच. या वेळचा रुग्ण बेचाळीस वर्षांचा तलाठी. पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी गावात तो अजून ‘भाऊसाहेब’च. स्वतःची एक सजा आणि रिकाम्या असलेल्या आणखी दोन सजांचा अतिरिक्त कार्यभार. अवकाळी पावसाचे पंचनामे, ई-पीक पाहणी, फेरफार, दाखले. आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडणारा ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती सादर करावी’ हा संदेश. तीन महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते. फोन वाजला की छातीत धडधडते. पंचनाम्याच्या यादीत गट क्रमांक चुकला, दोन शेतकऱ्यांची नावे मदतीतून राहिली आणि कारणे दाखवा नोटीस हातात आली. तेव्हापासून अन्न जात नाही. सोबत आलेली बायको हळूच सांगते, ‘‘पोरांवर कधी हात उचलला नव्हता यांनी. परवा उचलला.’’

अशा माणसाला रजा हवी, यात शंका नाही. प्रश्न आहे तो रजा कशासाठी आणि कोणत्या नावाने घ्यायची हा. बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच.

पहिली पायरी साधी वैद्यकीय तपासणीची. ताण आहे म्हणून दुसरे काही नाही, असे समजायचे नसते. थायरॉईडचा स्राव वाढला तरी धडधड होते, वजन उतरते, झोप उडते. तो कमी झाला तर थकवा आणि उदासी येते. रक्तक्षय, साखर, बी-१२ची कमतरता, रात्री घोरताना श्वास अडकणे, वाढलेले मद्यपान, यांतले काहीही ‘कामाचा ताण’ या नावाखाली दडून बसू शकते. छातीत दुखत असेल तर ईसीजी आधी, समुपदेशन नंतर. या तलाठ्याचा ईसीजी व्यवस्थित निघाला, थायरॉईडही. रक्तदाब मात्र १५०/९६.

त्यानंतरचा भाग मनाच्या तपासणीचा. हल्ली ‘बर्नआउट’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झाले, त्याची नोंद आहे. पण आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ही अवस्था नैराश्याच्या उंबरठ्यापर्यंत नेऊ शकते, पण दोन्ही एक नव्हेत. फरक ओळखायला एक घरगुती प्रश्न उपयोगी पडतो : मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला चार दिवस गेलात, तेव्हा कसे वाटले? तिथे माणूस हसला, जेवला, झोपला आणि परतीच्या एस.टी.त पुन्हा पोटात गोळा आला, तर दुखणे बहुधा कामाशी बांधलेले आहे. मांडवातही तो कोपऱ्यात बसून होता, आवडीच्या गोष्टीतही मन लागले नाही आणि असे सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ चालले आहे, तर ते नैराश्य असण्याची शक्यता धरून चालावे लागते. ही काही पक्की चाचणी नव्हे. पण रजा आठ दिवसांची की महिन्याची, याचा अंदाज त्यावरून येतो.

एक प्रश्न मात्र थेट विचारलाच पाहिजे : जगणे नको, असे विचार येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. तलाठी बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘झोपलो ते उठूच नये, असं वाटतं कधी कधी.’’ बायकोने हे पहिल्यांदाच ऐकले. इथे पंधरा दिवसांच्या सर्टिफिकेटचा विषय मागे पडतो. त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे पाठवले गेले, आणि तोवर त्याला एकटे ठेवायचे नाही, हे बायकोला समजावून सांगितले गेले. ज्यांना रुग्णालय गाठता येत नाही त्यांच्यासाठी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आहे. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

आता दाखल्याचे. ‘टायफॉइड लिहा’ ही विनंती डॉक्टरला दर महिन्याला ऐकावी लागते आणि खरे तर काही डॉक्टर ती पुरीही करतात. खोटा दाखला देणे हे वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार गैरवर्तन आहे. त्यासाठी नोंदवहीतून नाव कमी होऊ शकते. पण हा झाला डॉक्टरचा प्रश्न. रुग्णाचे नुकसान वेगळेच आहे. कार्यालयाला शंका आली आणि वैद्यकीय मंडळापुढे जायला सांगितले, तर तिथे टायफॉइड सापडत नाही. त्याहून महत्त्वाचे, पंधरा दिवसांनी टायफॉइड बरा झाला असे गृहीत धरून तीन सजांचा भार पुन्हा त्याच्याच डोक्यावर येतो. ‘एक सजा कमी करा’ असे म्हणायला हाती एकही कागद नसतो, कारण कागदोपत्री त्याला तापच आला होता.

मानसिक आजाराचे नाव लिहायची भीती मात्र खोटी नाही. तालुक्याच्या कार्यालयात अर्ज चार टेबलांवरून फिरतो आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोहोचतो. यावर काही उपाय आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. कार्यालयाला हवे असते ते इतकेच : हा माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम करू शकत नाही. समुपदेशनात तो काय बोलला, घरात काय चालले आहे, याच्याशी कार्यालयाचा संबंध नाही. किती लिहायचे हे रुग्णाशी बोलून ठरवता येते; जे लिहायचे ते खरे असावे, एवढेच. दाखला बंद लिफाफ्यात, वर ‘गोपनीय’ लिहून, थेट कार्यालयप्रमुखाच्या नावे द्यावा आणि पोच घ्यावी. तलाठ्याने बराच वेळ विचार केला. शेवटी ‘नैराश्य व निद्रानाश, उपचार सुरू’ एवढ्यावर त्याची संमती मिळाली.

कोणाच्या खात्यात किती रजा आहे, ते मात्र नोकरीवर अवलंबून असते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर ती परावर्तित म्हणजे ‘कम्युटेड’ करून पूर्ण पगारी घेता येते, तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. कारखान्यात किंवा दुकानात काम करणारा, महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कर्मचारी विमा योजनेत असेल, तर त्याला आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी संबंधित सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. खासगी कंपनीत नेमणूकपत्र काढून वाचावे. ते सहसा कोणी वाचलेले नसते. कंत्राटी कर्मचारी आणि रोजंदारीवरचे मजूर यांच्यासाठी रजा म्हणजे बुडालेला रोज. त्यांना ‘विश्रांती घ्या’ सांगण्यापेक्षा रात्रपाळी बदलून मिळेल का, हे मुकादमाला विचारायला सांगणे अधिक उपयोगी ठरते. नोकरी कोणतीही असो, न कळवता घरी बसू नये. विनापरवानगी गैरहजेरीची चौकशी आजारापेक्षा लांब चालते.

रजा किती दिवसांची असावी? नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे पंधरा दिवसांची रजा संपते तेव्हा औषध जेमतेम कामाला लागलेले असते. अशा रुग्णाला घाईने परत पाठवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, नुसता थकवा आणि झोपेचा अभाव असेल तर आठ-दहा दिवसही पुरतात, आणि महिनाभर घरी बसल्याने उलट कार्यालयाची भीती वाढते. ज्या गोष्टीला घाबरून माणूस टाळतो ती रोज थोडी मोठी होत जाते. म्हणून ‘बरे वाटेपर्यंत’ असा दाखला देऊ नये आणि मागूही नये. तारीख ठरवावी, त्या दिवशी पुन्हा तपासावे, गरज पडली तर वाढवावी.

पहिले तीन-चार दिवस माणूस झोपतोच, झोपू द्यावे. नंतर मात्र उठण्याची वेळ ठरलेली हवी, सकाळच्या उन्हात चालणे हवे, दुपारची झोप अर्ध्या तासावर नको. संध्याकाळची ‘थोडीशी’ घेणे या दिवसांत हमखास वाढते. दारूने झोप लागते पण पहाटे मोडते, आणि उदासी वाढते. कार्यालयाचा ग्रुप म्यूट करावा. इथे घरच्यांची परीक्षा असते. चार दिवसांनी ‘घरीच आहात तर बँकेत जाऊन या, छपराचं बघा’ सुरू होते आणि सासुरवाडीहून ‘काय झालंय नेमकं?’ असे फोन येतात. तलाठ्याच्या बायकोने सगळ्यांना ‘बीपी वाढलंय’ सांगून टाकले. ते खोटेही नव्हते.

या काळात राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहू नये. नैराश्यात पुढचे काहीच दिसत नाही, त्या नजरेने वीस वर्षांच्या नोकरीचा हिशोब करायचा नसतो. लिहायचाच असेल तर झोप पुरी होऊ लागल्यावर लिहावा. याला अपवाद आहे. जिथे अपमान, धमकी किंवा लैंगिक छळ चालला आहे, तिथे दुखणे माणसात नसून जागेत असते. तिथे रजा वेळ मिळवून देते, इतकेच. तो वेळ लेखी तक्रारीसाठी, बदलीच्या अर्जासाठी, क्वचित दुसरी नोकरी शोधण्यासाठी वापरावा.

परत जाण्याआधी एक भेट फार उपयोगी पडते : रजा संपण्याच्या चार-पाच दिवस आधी, वरिष्ठाची. अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले होते की काम खूप आणि निर्णयाचा अधिकार कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त झिजवते. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५पासून सुरू असलेल्या व्हाइटहॉल अभ्यासातही ज्यांच्या हाती आपल्या कामाचे नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. म्हणून ‘ताण कमी करा’ असे मोघम मागू नये. वरिष्ठाला देता येईल अशी, मोजता येणारी एखादीच गोष्ट मागावी. एक कार्यभार, एक अहवाल, ग्रुपवरच्या संदेशांची एक वेळ.

तलाठ्याची रजा शेवटी पंधराऐवजी अठ्ठावीस दिवसांची झाली. तहसीलदारांना भेटायला तो बायकोला घेऊन गेला. आत एकटाच गेला. दोनपैकी एक अतिरिक्त सजा शेजारच्या सहकाऱ्याकडे गेली, दुसरी राहिली. रुजू होण्यासाठी मुद्दाम गुरुवार निवडला, म्हणजे दोनच दिवसांनी शनिवार येतो. रात्री आठनंतर ग्रुप म्यूट. फारच तातडीचे असेल तर मंडळ अधिकारी थेट फोन करतील, असे ठरले. पहिल्या महिन्यात तसा फोन दोनदा आला. कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर त्याने रजेच्या शेवटच्या आठवड्यात लिहिले, एका पानात.

पुढच्या तपासणीला रक्तदाब १३४/८६ होता. पहाटेची जाग पाचवर आली होती. बायकोने विचारले, ‘‘गोळ्या आता बंद करायच्या ना?’’ बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतील आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक थांबवायच्या नाहीत, असे तिला सांगितले गेले. केसपेपरवर पुढची तारीख पडली. ती पीक पाहणीच्या आठवड्यात येत होती, म्हणून त्याने ती चार दिवस अलीकडे घेतली.